मद्याचा महसूल आणि तिसऱ्या रात्रीचा रुग्ण

राज्य मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ करण्याचा निर्णय घेतला. ठरावीक किमतीपर्यंतच्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटींवर गेले, देशी मद्यावरील शुल्क प्रति प्रूफ लिटर १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले आणि धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराची भर पडली. या साऱ्यातून तिजोरीत वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा येतील, असा सरकारचा अंदाज होता. त्यानंतर जी चर्चा झाली ती स्वाभाविकपणे दरांची होती. बाटली कितीने महागणार, शेजारच्या राज्यांतून चोरटी आवक वाढणार का, उद्योगाचे काय, असे प्रश्न विचारले गेले. ज्याच्या खिशातून हा महसूल रोज संध्याकाळी जमा होतो, त्या माणसाच्या शरीरात आणि मनात काय घडते, हा प्रश्न मात्र अर्थखात्याच्या टिपणीत बसणारा नव्हता. तो आरोग्यखात्याच्या टिपणीतही फारसा दिसत नाही, हे अधिक गंभीर आहे.

हा माणूस कोणत्याही शहरातील रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात भेटतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी किंवा छोटा धंदा, दुचाकी घसरून मांडीचे हाड मोडलेले. पहिला दिवस ठीक जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. नातेवाईक म्हणतात, वेदना फार आहेत. तिसऱ्या रात्री तो सलाईनची सुई उपसून फेकतो, भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली आहे असे ओरडू लागतो, दहा वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांशी बोलतो. मग तर्क सुरू होतात. कोणी म्हणते, डोक्याला मार लागला असणार. कोणी म्हणते, औषधे जड पडली. एखादी आत्या हळूच ‘बाहेरचे’ काही असल्याची शंका काढते. अशा वेळी जुनी, अनुभवी परिचारिका पत्नीला बाजूला घेऊन एवढेच विचारते, ‘ताई, भाऊ रोज घेतात का हो?’ आणि उत्तर बहुधा ठरलेले असते, ‘रोज म्हणजे काय, झोपेपुरती.’

हा वेडाचा झटका नव्हे आणि देवदेवस्कीही नव्हे. वैद्यकशास्त्रात याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यामागील जीवशास्त्र समजायला अवघड नाही. मेंदूतील चेतापेशींना शांत करणारे एक रसायन असते, त्याचे नाव गाबा; आणि त्यांना चेतविणारे दुसरे, ग्लुटामेट. गाडीचा ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, असे म्हणायला हरकत नाही. मद्य गाबाचा परिणाम वाढविते आणि ग्लुटामेटचा दाबते. दोन पेगनंतर येणारी निश्चिंतता ती हीच. पण मेंदू हा मोठा हिशेबी अवयव आहे. रोज रात्री बाहेरून ब्रेक दाबला जात असेल तर तो स्वत:चा ब्रेक सैल करतो आणि अॅक्सिलरेटर वाढवून ठेवतो. म्हणूनच पूर्वी दोन पेगमध्ये होणारे काम पुढे चार पेगमध्येही होत नाही. ‘मला चढतच नाही’ ही ज्याला अभिमानाची बाब वाटते, तो प्रत्यक्षात आपल्या मेंदूने केलेल्या तडजोडीची कबुली देत असतो.

आता हा माणूस अपघाताने रुग्णालयात येऊन पडला. मद्य एकाएकी बंद झाले. बाहेरचा ब्रेक सुटला, आतला ब्रेक आधीच सैल, अॅक्सिलरेटर मात्र तळापर्यंत दाबलेला. शेवटच्या प्याल्यानंतर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दोन ते चार दिवसांदरम्यान काहींना भ्रम होऊ लागतात, वेळकाळाचे भान सुटते, ताप चढतो, नाडी धावू लागते. दुर्लक्ष झाल्यास माणूस दगावू शकतो. ओळखले गेले, तर गाबाच्याच मार्गाने काम करणारी शामक औषधे देऊन, ती टप्प्याटप्प्याने कमी करत, बहुतेक रुग्णांना काही दिवसांत पूर्ण शुद्धीवर आणता येते. सोबत थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व द्यावे लागते, कारण दीर्घकाळ मद्य घेणाऱ्याच्या शरीरात त्याचा साठा संपत आलेला असतो. ते न देता नुसती ग्लुकोजची बाटली लावली, तर ग्लुकोज वापरताना उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. ही औषधे महाग नाहीत. महाग पडते ते न विचारणे आणि न सांगणे.

शहरी मध्यमवर्गात या न सांगण्याला एक वेगळीच शिस्त आली आहे. येथे कोणी ‘दारू पीत’ नाही. ‘सोशली घेतात’, ‘वीकेंडला बसतात’, ‘फक्त बियर घेतात’. या शेवटच्या समजुतीपुरते थोडे गणित करू. भारतात मद्याचे एक प्रमाण माप म्हणून १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरले जाते. ६० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बियरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक बाटली बियर हे दोन मोठे पेग झाले. क्वार्टर, अर्थात १८० मिलिलिटर व्हिस्की, सुमारे ६० ग्रॅम. यकृत हे अल्कोहोल साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम या गतीने हातावेगळे करते. लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, कडक कॉफी यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपविणाऱ्याच्या रक्तात पहाटे पाच वाजताही मद्य असते आणि त्याच अवस्थेत तो सहाची पाळी गाठायला गाडी काढतो.

यकृतातील ही प्रक्रिया दोन टप्प्यांची आहे. पहिले विकर अल्कोहोलचे रूपांतर अॅसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात करते, दुसरे विकर त्या विषाचे निरुपद्रवी पदार्थात. पूर्व आशियातील अनेकांमध्ये हे दुसरे विकर जन्मत:च दुबळे असते. एका प्याल्यातच चेहरा लालबुंद होतो, मळमळते आणि असे लोक व्यसनाकडे सहसा कमी वळतात. निसर्गाने दिलेले हे एक प्रकारचे संरक्षणच. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधील संशोधकांच्या लक्षात आले की, डायसल्फिराम हे औषध हेच दुसरे विकर बंद पाडते. त्यातून व्यसनमुक्तीचा एक उपचार उभा राहिला. औषध घेतले असताना मद्य घेतले तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रुग्णाने समजून, स्वत:च्या इच्छेने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यास त्याचा उपयोग होतो. पण लोकलच्या डब्यात आणि रस्त्यावरच्या खांबांवर ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती वर्षानुवर्षे चिकटलेल्या दिसतात. त्या पुड्यांमध्ये नेमके काय असते हे घेणाऱ्याला कळत नाही. आणि डायसल्फिरामच असेल, तर आमटीतून गुपचूप दिलेला हा डोस हृदयविकार असलेल्या नवऱ्याचा जीव घेऊ शकतो. ती पुडी मिसळणारी बाई गुन्हेगार नसते. तिच्यापुढे दुसरा दरवाजा उघडा नसतो, एवढेच.

पहिल्या विकराची आणखी एक कहाणी आहे आणि तिचा संबंध मुंबईशी आहे. मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्याआधी २००४ च्या अखेरीस विक्रोळीत असेच बळी गेले होते. विषारी दारूत बहुधा मिथेनॉल असते. मिथेनॉल स्वत: फारसे घातक नाही, यकृतातील तेच विकर सुरू करत असलेल्या प्रक्रियेतून त्याचे फॉर्मिक आम्ल तयार होते आणि ते डोळ्यांची चेता व मेंदू जाळते. विकराला साधे अल्कोहोल अधिक प्रिय, म्हणून अशा रुग्णाला रुग्णालयात मोजून-मापून इथेनॉल देतात. विकर त्यात गुंतून पडते आणि मिथेनॉल हळूहळू शरीराबाहेर टाकता येते. दारूच्या विषावर दारूचाच उतारा! फोमेपिझोल हे अधिक सुरक्षित औषध आहे. ते मिळेलच, याची खात्री सार्वजनिक रुग्णालयात देता येत नाही.

शरीराच्या सवयीचा भाग येथे संपतो. परंतु शरीर शांत झाल्यावर, आठवड्याभरात थरथर थांबल्यावरही माणूस पुन्हा का पितो? येथे आपल्याकडची नैतिक भाषा सुरू होते. ‘मनाचा निग्रह नाही’, ‘बायकापोरांची पर्वा नाही’, ‘चार दिवस बरा राहिला आणि पुन्हा शेण खाल्ले’. या वाक्यांमागील संताप खोटा नाही. तो घरातील माणसांनी भोगलेला असतो. पण त्याने स्पष्टीकरण मिळत नाही.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत ताराग्र बसवून पाहिले. विशिष्ट भागाला विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून उंदीर पुन:पुन्हा कळ दाबत राहिले. पुढे या मार्गावरचे मुख्य रसायन डोपामाइन असल्याचे दिसून आले आणि वर्तमानपत्रांनी त्याला ‘सुखाचे रसायन’ असे नाव देऊन टाकले. ते नाव दिशाभूल करणारे आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की डोपामाइनच्या पेशी उसळतात. मात्र रसाआधी दिवा लागतो हे एकदा माकड शिकले की, त्या पेशी दिवा लागतानाच उसळतात, रसाच्या वेळी नव्हे. आणि दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर त्यांचे काम नेहमीपेक्षाही मंदावते. डोपामाइन सुखाचे नसून सुखाच्या चाहुलीचे आहे. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी पुढे ‘हवेसे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या मेंदूतील दोन वेगळ्या यंत्रणा असल्याचे मांडले. व्यसनात पहिली बेसुमार वाढते, दुसरी मात्र वाढत नाही. पंचवीस वर्षे पिणारा माणूस शपथेवर सांगतो की, आता मजा येत नाही. आपण त्यावर विश्वास ठेवत नाही. तो खरे बोलत असतो.

संध्याकाळचे सात, पगाराचा दिवस, ठरावीक कोपरा, ग्लासात पडणाऱ्या बर्फाचा आवाज, शेंगदाण्याच्या चखण्याचा वास हे त्याचे दिवे आहेत. सहा महिने न प्यालेला माणूस मित्राच्या मुलीच्या लग्नात अर्ध्या तासात कोसळतो, तेव्हा त्याने निग्रह सोडला हे खरे. पण ज्या मेंदूने निग्रह करायचा त्याच मेंदूत चाहुलीची घंटा कानठळ्या बसतील इतक्या जोराने वाजत असते, हेही खरे. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो थांबायला सांगतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. योगायोग असा की, महाराष्ट्रात कडक मद्य पिण्याचे कायदेशीर किमान वय २५ आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात मेंदूविज्ञान नक्कीच नव्हते, आणि ही तरतूद पाळली जाते असे म्हणण्याचे धाडसही कोणी करणार नाही.

मग व्यसन हा निव्वळ मेंदूचा आजार आहे काय? अमेरिकेतील राष्ट्रीय संस्थेचे तत्कालीन प्रमुख अॅलन लेशनर यांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तसे ठामपणे लिहिले आणि ते सूत्र जगभर रूढ झाले. त्याचा मोठा फायदा झाला; दोषारोपाची धार कमी झाली. पण हे सूत्र अर्धेच खरे आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे एक-पंचमांश तेथे हेरॉइनच्या आहारी गेले होते. ते मायदेशी परतल्यावर हाहाकार होईल अशी भीती होती. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी फार थोडे, सुमारे पाच टक्के, पुन्हा व्यसनाधीन झालेले आढळले. मेंदू तोच होता; जंगल, भीती, रिकामा वेळ आणि सहज मिळणारी पुडी मागे राहिली होती. व्यसन मेंदूत घडते, पण माणूस ज्या परिस्थितीत राहतो तिच्यासह घडते. दारू सोडवून माणसाला पुन्हा त्याच वस्तीत, त्याच बेकारीत, त्याच अड्ड्यासमोर सोडायचे आणि ‘पुन्हा प्याला’ म्हणून त्याला नालायक ठरवायचे, हा हिशेब चुकीचा आहे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर दिवाळीत वाढली, तर आपण त्याला दवाखान्यातून हाकलून देत नाही. आणि म्हणून त्याला पथ्याच्या जबाबदारीतून मोकळेही करीत नाही.

महाराष्ट्राला हे कळले नव्हते असे नाही. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेल्या लेखांनी अस्वस्थ होऊन पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. तेथे औषधांइतकेच महत्त्व गटात बसून बोलण्याला, पत्नीच्या आणि मुलांच्या वेगळ्या सभांना आणि घरी परतल्यानंतरच्या पाठपुराव्याला दिले गेले. स्वत: व्यसनातून बाहेर आलेली माणसे तेथे कार्यकर्ते झाली. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा आज आपल्या अनेक शहरांत शाळांच्या वर्गखोल्यांमध्ये भरतात. त्यांना वर्गणी लागत नाही आणि आडनावही विचारले जात नाही.

दुसऱ्या बाजूला बंदीचा मार्ग. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती एप्रिल २०१५ मध्ये आली आणि मे २०२१ मध्ये उठविली गेली. बंदीने काय साधले यावर दोन्ही बाजूंनी त्वेषाने बोलले जाते. गडचिरोलीतील स्त्रियांची चळवळ आणि डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभा राहिलेला ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम एवढे दाखवितो की, बंदी, गावपातळीवरील संघटन आणि उपचार यांची सांगड घातली तरच त्या शब्दाला काही अर्थ येतो. ज्या दिवशी दुकान बंद होते, त्याच दिवशी त्या परिसरातील शेकडो मेंदूंचा बाहेरचा ब्रेक सुटतो. त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे आहेत का, हे पाहिल्याशिवाय केलेली बंदी पोलिसांच्या कामात भर घालते आणि हातभट्टीला गिऱ्हाईक देते.

आपल्या श्रावणाचेही थोडे असेच आहे. गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद, ही अनेक घरांतील परंपरा. ‘मी श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही’ हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. महिनाभर सहज राहता येत असेल तर शरीर अजून गुलाम झालेले नाही, असे म्हणता येईल. पण जो श्रावणाच्या पहिल्या दोन दिवसांत थरथरतो, चिडतो, जागा राहतो आणि गणपतीची वाट पाहत दिवस मोजतो, त्याला त्याच्या शरीराने उत्तर दिलेले असते. त्याने एकदम सोडण्यापूर्वी डॉक्टरांना भेटायला हवे. घरच्यांनी प्रेमापोटी खोलीत कोंडून दारू सोडविण्याचा प्रयोग तर कधीही करू नये. कमी करावीशी वाटते का, कोणी टोकले की राग येतो का, नंतर अपराधी वाटते का, सकाळी डोळे उघडल्यावर हात स्थिर करण्यासाठी लागते का, हे चार प्रश्न डॉक्टर गेली चाळीस वर्षे विचारत आले आहेत. यांतील दोनांचे उत्तर ‘हो’ असेल तर तपासणी करून घेणे इष्ट. चौथ्याचे एकट्याचे ‘हो’ असेल तरीही.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि ती सर्वांत कमी बोलली जाते. अनेकांच्या पेल्यामागे उदासी किंवा भीती असते. चारचौघांत बोलताना घशाला कोरड पडणारा, रात्री छातीत धडधडून जागा होणारा, कशातच रस न वाटणारा माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. ‘मला काय वेड लागलंय?’ असे म्हणून बारमध्ये जातो. मद्य पहिल्या दोन तासांत भीती शमविते. झोपही लवकर लागते. परंतु उत्तररात्री, मद्य उतरू लागताच, तोच अॅक्सिलरेटर वर येतो आणि तीन-चारला माणूस घामाघूम होऊन जागा होतो. मूळची चिंता दुपटीने परत येते. काही महिन्यांत नैराश्याने मद्य आणले की मद्याने नैराश्य, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. म्हणूनच डॉक्टर शक्य तेथे काही आठवडे मद्यविरहित जाऊ देतात आणि मगच स्वतंत्र नैराश्याचे निदान पक्के करतात. अर्थात आत्मघाताचे विचार असतील तर वाट पाहण्याचा प्रश्नच नसतो.

नैराश्याबाबत ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झाले’ हे वाक्य आपल्याकडे आता बैठकीच्या खोलीत पोहोचले आहे. ते सोपे आहे, पण पुरते बरोबर नाही. लंडनमधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापक आढाव्यात या सरळ समीकरणाला सुसंगत पुरावा आढळला नाही. त्यावरून काहींनी लगोलग औषधेच निरुपयोगी ठरविली. तोही निष्कर्ष उतावळा आहे. औषध सेरोटोनिनची पातळी काही तासांत बदलते, रुग्णाला बरे वाटू लागायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. अर्थात मधल्या काळात मेंदूत आणखी काही घडत असते. अॅस्पिरिनने डोके दुखायचे थांबते याचा अर्थ रक्तात अॅस्पिरिन कमी पडले होते असा होत नाही. म्हणून कोणी अॅस्पिरिन टाकून देत नाही. घरच्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या आठवड्यात गुण आला नाही म्हणून आणि तिसऱ्या महिन्यात बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारलेले नसते.

आता आकडे. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. मद्यविकार असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के उपचारांविना होते. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने ‘एम्स’च्या साह्याने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार देशात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६. मद्यावर पूर्णत: अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकानेच कोणत्या तरी स्वरूपाची मदत मिळाल्याचे सांगितले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्यांच्या संख्येत महाराष्ट्र पहिला होता, २२ हजार ७४६. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये नमूद केले की, देशात लाखामागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. असायला हवेत तीन. यांतील मोठा वाटा महानगरांत एकवटलेला आहे.

कायदा मात्र बऱ्यापैकी पुढे गेला आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण जागच्या जागी जळून मेले, तेव्हा देश हादरला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळ्या घालण्यास मनाई केली, उपचार हा हक्क मानला आणि मद्य व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट शब्दांत मानसिक आजारात समावेश केला. आरोग्यविम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणे स्थान द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. या कायद्याचा अर्थ असा की, व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसांना उचलून नेऊन कोंडणारी, मारहाण करणारी विनानोंदणी केंद्रे बेकायदा आहेत. त्यांच्याविषयीच्या बातम्या अधूनमधून येतात, चार दिवस चर्चा होते आणि कुटुंबे पुन्हा तेथेच जातात, कारण शासकीय पर्याय जवळपास नसतो. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क सेवा सुरू आहे आणि तिच्यावर मराठीत बोलता येते. ती उपयुक्त आहे. परंतु दूरध्वनीवरून कोणाला सलाईन लावता येत नाही.

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्यांना मादक पेयांच्या सेवनास औषधी उपयोगाव्यतिरिक्त बंदी आणण्याचा प्रयत्न करण्यास सांगितले आहे. कोणतेही राज्य एवढ्या महसुलावर सहजासहजी पाणी सोडणार नाही हे आपण सारे जाणतो, आणि संपूर्ण बंदीने प्रश्न सुटेल असेही नाही. शुल्कवाढीचेही समर्थन करता येईल. मद्य महाग झाले की एकूण सेवन कमी होते, हा जागतिक अनुभव आहे. मात्र पूर्णत: अवलंबून असलेला माणूस त्यामुळे कमी पितोच असे नाही, तो कधी स्वस्त आणि विषारी दारूकडे वळतो, कधी घरखर्चातून पैसे काढतो. त्याच्यासाठी वाढीव १४ हजार कोटींतील एक टक्का, म्हणजे १४० कोटी रुपये, दरवर्षी बाजूला ठेवण्याची मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. त्या रकमेतून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नशा उतरविण्यासाठी काही खाटा, प्रशिक्षित परिचारिका, समुपदेशक आणि पाठपुराव्याची व्यवस्था उभी करायला सुरुवात होईल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. सांगाडा नव्याने उभारण्याची गरज नाही.

आणि त्याआधी, एका रुपयाचाही खर्च न करता करण्याजोगे एक काम आहे. रुग्णालयात भरती होताना मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, हे विचारून केसपेपरवर लिहिले जाते. त्याच ओळीत, त्याच निर्विकार स्वरात, प्रत्येक प्रौढ रुग्णाला, मग तो हमाल असो, प्राध्यापक असो वा प्राध्यापिका, आणखी दोन गोष्टी विचारल्या जाव्यात: मद्य किती घेता, आणि शेवटचे केव्हा घेतले? उत्तर देताना पत्नीने मान खाली घालण्याची वेळ येऊ नये, अशा आवाजात. तेवढ्याने अस्थिरोग विभागातील त्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी थायमिनचे इंजेक्शन मिळेल, आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसणार नाहीत.